खुनी कोण, ते मीच वाचणार

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत बाईंचा शब्द शेवटचा असे. वरच्या सगळ्या मजल्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन खाली यायचे, धुऊन-वाळवून गरम रोलरखालून निघायचे आणि घड्या होऊन परत वर जायचे. या सगळ्या पसाऱ्यावर बाईंची नजर. पण खाली त्यांचा खरा दबदबा होता तो पुस्तकांमुळे. चहाच्या सुट्टीत बाकीचे गप्पा मारत, आणि बाई स्वच्छ चादरींच्या गठ्ठ्याला टेकून खुनाची गोष्ट वाचत. म्हणून सगळे त्यांना गुप्तहेरबाई म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं, फक्त तसं त्या दाखवत नसत.

सुट्टी संपली की वाचलेलं सांगायचं. मोठ्या चादरीची घडी घालायला दोघी लागतात. एका टोकाला बाई आणि दुसऱ्या टोकाला त्यांची मैत्रीण, फाटकं शिवणारी, जिला सगळे शिवणताई म्हणत. टोकं जुळवायला दोघी जवळ आल्या की बाई तिच्या कानात संशयिताचं नाव सांगायच्या. लांब गेल्या की पुढची हकीकत ओरडून. रोलरवरची माणसं कान टवकारून ऐकत आणि मधलं कुजबुजलेलं काही ऐकू आलं नाही म्हणून चरफडत.

बाईंचा एक नेम होता. एक खोटं, एक खरं. म्हणजे एक खुनाचं पुस्तक झालं की एक खरं घडलेलं. कुणाची आठवण, कुठली दुर्घटना, कसला तरी शोध. "नुसतं खोटं वाचलं की माणूस संशयी होतो," त्या म्हणायच्या, "आणि नुसतं खरं वाचलं की उदास." आणि खुनाच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडणाऱ्याशी त्या बोलायच्या नाहीत. जुन्या वॉर्डबॉयने एकदा त्यांना एका पुस्तकातला खुनी आगाऊ सांगितला होता. त्याच्या युनिफॉर्मला पुढे बरेच दिवस इस्त्रीच झाली नाही.

ते घडलं त्या दिवशी बाई एका नाटक कंपनीच्या खुनावर होत्या. बंद मेकअपरूममध्ये मुख्य नटी मरून पडलेली, दाढदुखीने हैराण झालेला इन्स्पेक्टर, आणि संशय सगळ्यांवर. बाईंचा संशय प्रॉम्प्टरवर होता. नटांना चुकलेलं वाक्य विंगेतून पुरवणारा हा माणूस कुणाला दिसत नाही आणि सगळं त्याला पाठ असतं. त्याच्याइतका सोयीचा खुनी दुसरा कोण? शेवटची दोन प्रकरणं राहिली होती. बाईंनी चहाचा घोट घेतला, पान उलटलं, आणि पुढच्या पानावर अक्षरंच नव्हती.

म्हणजे काहीतरी छापलेलं होतं. आडव्या रेघेखाली काळे काळे आकार लोंबत होते, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे. पण त्यातला एकही ओळखीचा नव्हता.

"छापखान्याने घोळ घातलाय," बाई वैतागून म्हणाल्या. "मध्येच कुठल्या तरी परक्या भाषेची पानं घुसडलीत."

शिवणताईने पुस्तक हातात घेतलं. "अहो बाई, व्यवस्थित आहे की. हे बघा, 'इन्स्पेक्टरने खिशातून रुमाल काढला आणि...'"

"पुढे वाचू नकोस!" बाईंनी पुस्तक हिसकावून घेतलं. मग त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. रोलरजवळ त्यांनीच लावलेली पाटी होती, 'गरम आहे, हात लावू नका.' त्या पाटीवरही तेच परके आकार. त्यांनी वळून शिवणताईकडे पाहिलं, तर तिचा अर्धा चेहरा दिसेना. उजवीकडचं जगच कुणीतरी पुसून टाकलं होतं.

शिवणताईने एकही प्रश्न विचारला नाही. तिने चादरींची ट्रॉली रिकामी केली, बाईंना उचलून तिच्यात बसवलं आणि लिफ्टकडे पळत सुटली. बाई पुस्तक छातीशी धरून वर गेल्या.

मेंदूत रक्ताची एक बारीक गाठ अडकली होती. वेळेवर वर आणलं म्हणून थोडक्यात निभावलं. बोलणं शाबूत, हातपाय शाबूत. डॉक्टरांनी त्यांना कागद-पेन दिलं. "मनात येईल ते लिहा." बाईंनी झरझर लिहिलं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, घरची चौकशी केली, झोप लागते का विचारलं आणि मग तोच कागद पुन्हा त्यांच्यासमोर धरला.

"हे वाचून दाखवता?"

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "हे कुणी लिहिलंय?"

"तुम्हीच. आत्ता."

बाईंना वाटलं, चेष्टा चाललीय. पण डॉक्टरांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'माझं पुस्तक मला परत द्या.' डॉक्टरांनीच ते वाचून दाखवलं. मग त्यांनी सावकाश समजावलं. डोळे चांगले आहेत. हाताला लिहिता येतंय. पण डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर जिथे शब्द म्हणून कळतं, तिथे जाणारा रस्ता बंद पडलाय.

"मग दुसरा रस्ता असेल," बाई म्हणाल्या.

"शोधावा लागेल. काहींना सापडतो."

'काहींना' हा शब्द बाईंना झोंबला. डॉक्टर गेल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

बाईंचे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करत. हातात सदा स्क्रू ड्रायव्हर, बोलणं मोजकं. मशीनबरोबर येणारी माहितीपत्रकं सोडली तर आयुष्यात त्यांनी पुस्तक म्हणून काही वाचलं नव्हतं. बाई घरी आल्या, त्या दिवशी त्यांनी टेबलावरचं खुनाचं पुस्तक उचललं.

"एवढीशीच पानं राहिलीत ना? मी वाचून दाखवतो. हां हां म्हणता होईल."

"खबरदार!" बाईंचा आवाज थेट लाँड्रीतला. "खुनी कोण, ते मीच वाचणार."

"अगं, पण कधी?"

"वाचेन तेव्हा."

मिस्टरांनी पुस्तक मुकाट्याने कपाटात ठेवलं. "मग दुसरं काही वाचू का?"

बाई विरघळल्या. "खरं काहीतरी वाचा. खऱ्याचा शेवट दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तरी चालतो."

लायब्ररीतून एका पडलेल्या पुलाची हकीकत आणलेली होती. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरनेच ती लिहिली होती. मिस्टर वाचायला बसले. स्वल्पविराम आला की थांबत आणि पूर्णविराम आला की पळत. नदीचं वर्णनही मशीनचा बिघाड सांगावा तशा सुरात. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि ओठ चावून हसू दाबायच्या. पण लोखंडी दोर, नटबोल्ट, भार, ताण सुरू झाला आणि मिस्टरांचा सूरच बदलला. "अरे गाढवा, हा सांधा रोज बघायला नको होता का?" असं ते लेखकाला मध्येच झापू लागले. पुढे पुढे बाईंना झोप आली तरी हे थांबेनात. बाईंनी आडव्या पडल्या पडल्या विचार केला, इतकी वर्षं हा वाचक आपल्याच घरात राहत होता आणि आपल्याला त्याचा सुगावा नाही. कसल्या आपण गुप्तहेर!

हॉस्पिटलमध्ये वाचा-उपचाराची एक छोटी खोली होती. तिथली थेरपिस्ट वयाने बाईंच्या मुलीएवढी, पण कामाला चिवट. तिने सांगितलं, "काकू, तुमचा हात अक्षरं विसरलेला नाही. म्हणून हातालाच विचारायचं. डोळ्यांनी आकार बघा, बोटाने तळहातावर गिरवा. बोट सांगेल कोणतं अक्षर आहे ते."

आणि तिने लहान मुलांची कार्डं काढली. कमळ, बदक, घर. बाई गिरवत. 'घ' आणि 'ध' एकमेकांची सोंगं घेत, 'म' आणि 'भ' डोळ्यांदेखत जागा बदलत. एकेका शब्दाला घाम फुटे. पुन्हा पुन्हा तेच बदक समोर आलं, तेव्हा एकदा बाईंनी कार्ड टेबलावर आपटलं.

"मला बदकात काडीचा रस नाही!"

"मग कशात आहे?"

"खुनात."

थेरपिस्ट आधी दचकली, मग खळखळून हसली. तिने कोरं कार्ड घेतलं, त्यावर ठसठशीत काहीतरी लिहिलं आणि पुढे सरकवलं. बाईंचं बोट तळहातावर फिरू लागलं.

"र... मग व... त्याला दीर्घ ऊकार... न. रवून." बाईंनी मान वर केली. "रवून म्हणजे काय गं?"

मुलीने कार्ड आणखी जवळ सरकवलं. बाईंनी पुन्हा पाहिलं, पुन्हा गिरवलं. या वेळी 'र' आणि 'व' यांच्यामध्ये बोट उचललंच गेलं नाही. दोन्ही मिळून एकच अक्षर होतं.

"खून!" बाई खुर्चीतून उठल्या. "खून! खून!"

बाहेरच्या बाकांवरची माणसं ताडकन उभी राहिली. वॉर्डमधली नर्स धावत आत आली. आत बाई दोन्ही हातांत कार्ड धरून उभ्या, डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू. "काही नाही, काही नाही," त्या नर्सला म्हणाल्या, "खून झालाय, आणि तो मला कळलाय."

त्या दिवसापासून सगळं एकदम सोपं झालं असं नाही. उजवीकडचं जग परत आलं नाही. ओळीचं शेवटचं टोक बाईंना दिसायचंच नाही, त्यामुळे वाक्यं अर्ध्यावर तुटायची. थेरपिस्टने पानाच्या उजव्या कडेला लाल पट्टी ठेवायला शिकवलं. लाल दिसत नाही तोवर ओळ संपली असं समजायचं नाही. बाई हट्टाने लाँड्रीत परत रुजू झाल्या. गरम रोलरजवळ जायची मनाई, पण घड्या आणि वाटप त्यांच्याकडे. गठ्ठ्यांवरची वॉर्डांची नावं त्या मांडीवर बोटाने गिरवून वाचत. शिवणताई आता चादर धरताना त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहायची. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

पुलाची हकीकत संपली आणि घरात मिस्टरांना चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. एका सकाळी चहा पिताना त्यांनी विषय काढला. "मी काय म्हणतो, ते खुनाचं तू सोडून दे. इतकी चांगली पुस्तकं पडलीत. त्याच्यावरच कशाला जीव काढायचा?"

"सोडून? माझा प्रॉम्प्टर पकडल्याशिवाय?"

"अगं, त्या बिचाऱ्याच्या मागे तू उगाचच..."

बाईंनी कप खाली ठेवला. "बिचाऱ्या?"

मिस्टर खिडकीबाहेर बघू लागले.

"कालपर्यंत प्रॉम्प्टर म्हणजे कोण, हे तुम्ही मला विचारत होतात. आज तो एकदम बिचारा झाला? अहो, तुम्ही शेवट वाचलात!"

"शेवटचंच... म्हणजे, तसं दोन्ही प्रकरणं. उभ्याउभ्याच."

"आणि प्रॉम्प्टर खुनी नाही!"

मिस्टरांनी तोंडावर हात दाबून धरला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. घरात बरेच दिवस अबोला. मिस्टरांचं मन मात्र त्यांना खात होतं. त्या शेवटात काय आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि बायको एकेका अक्षरासाठी कशी झगडतेय, तेही ते रोज बघत होते. एवढा डोंगर चढून वर गेल्यावर तिला काय सापडणार, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना.

बाईंनी इरेला पडून पुस्तक काढलं. एका बैठकीला आधी एक ओळ, मग दोन, मग परिच्छेद. त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू खुनी नव्हता, 'इन्स्पेक्टर' हा शब्द होता. जोडाक्षरांची नुसती गर्दी. दर ओळीत तो टपकायचा आणि दर वेळी बाईंचं बोट अडखळायचं. "याला साधा हवालदार चालला नसता का?" त्या लेखकावर खेकसायच्या. पण अशी अक्षरागणिक पुढे सरकताना त्यांना एक गंमत कळू लागली. पूर्वी त्या पानं नुसती गिळायच्या. आता लेखकाची एकेक लबाडी उघडी पडत होती. दाढदुखीचं काही कामच नव्हतं, ती नुसती पानं भरायला होती. मेकअपरूमचा आरसा मात्र तीन वेगवेगळ्या ठिकाणी उगाच आला नव्हता.

सुट्टीची दुपार होती. मिस्टर पंखा उघडून जमिनीवर बसले होते आणि तिरप्या नजरेने बायकोकडे बघत होते. बाईंची लाल पट्टी शेवटच्या पानावर आली होती. बोट तळहातावर फिरत होतं, ओठ हलत होते. मग बोट थांबलं.

"जुळा भाऊ!"

मिस्टरांच्या हातातलं पातं खाली पडलं.

"जुळा भाऊ? अहो, आख्ख्या पुस्तकात नटीच्या जुळ्या भावाचा 'ज' नाही, आणि शेवटाला येऊन हा टपकतो? कुठून? तर म्हणे परदेशातून!" बाई उठल्या, पुस्तक हातात घेऊन घरभर फिरू लागल्या. "म्हणजे आरसा यासाठी होता! अरे, मग आधी भावाला एकदा तरी दाखवायचं होतंस! ही काय रीत झाली?"

"मी म्हटलं होतं ना तुला," मिस्टर कळवळून उठले, "सोडून दे म्हणून. मला माहीत होतं, तुला किती वाईट..."

आणि त्यांनी पाहिलं, तर बाईंचा चेहरा नुसता उजळला होता. त्या हसत होत्या, धापा टाकत होत्या, पुस्तकावर हाताने थापा मारत होत्या.

"अहो, किती भिकार शेवट आहे!" त्या म्हणाल्या. "काय भिकार! आणि मी तो स्वतः वाचला!"

मिस्टरांना आधी काही कळलं नाही. मग कळलं, आणि तेही जमिनीवर बसून मोठमोठ्याने हसू लागले. बाईंनी लगेच शिवणताईला फोन लावला आणि खुन्याचं नाव न सांगता त्या लेखकाची यथेच्छ सालटी काढली.

पुस्तक परत करायला गेल्या, तेव्हा लायब्ररीतल्या ग्रंथपालांनी सवयीने विचारलं, "कसं वाटलं?" बाईंनी सांगायला सुरुवात केली. मागे रांग लागली, पण रांगेतल्या कुणाची हलायची तयारी दिसेना. ऐकून झाल्यावर ग्रंथपाल म्हणाले, "दर महिन्याला आमच्याकडे वाचक जमतात. नुकतंच काय वाचलं ते सांगतात. तुम्ही हे माइकवर सांगायचं."

बाईंनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी तयारीला वेळ मागितला. तेवढ्यात त्यांनी एक बारीकसं खुनाचं पुस्तक स्वतः संपवलं, तुरुंगातल्या एका डॉक्टरच्या आठवणी अर्ध्या स्वतः वाचल्या आणि अर्ध्या मिस्टरांकडून ऐकल्या. आणि पुलाची हकीकत त्यांनी पुन्हा आणली. या वेळी स्वतःच्या बोटाने वाचायला.

त्या दिवशी लायब्ररीचं वरचं दालन भरलं होतं. लाँड्रीतली माणसं धुतलेले, कडक इस्त्रीचे कपडे घालून मागच्या रांगेत बसली होती. थेरपिस्ट आली होती. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी आधी जुळ्या भावाला धुऊन काढलं. दालन हसून हसून आडवं झालं. मग त्या बारीक पुस्तकाकडे वळल्या. "त्यात हॉटेलातला स्वयंपाकी मरतो. खुनी कोण ते मला निम्म्यातच कळलं, तरी मी वाचत राहिले. कारण मेल्यावर त्याच्या हाताखालचे लोक त्याच्याबद्दल जे बोलतात, तसं खरंच बोलतात माणसं. आधी शिव्या, मग आठवणी." तुरुंगाच्या डॉक्टरबद्दल म्हणाल्या, "हा माणूस स्वतःची बढाई मारत नाही, हे पहिल्या पानावर आवडतं. पण शेवटपर्यंत तो स्वतःबद्दल काहीच सांगत नाही, तेव्हा राग येतो. कैद्यांची सगळी दुखणी सांगतोस, मग तुला कधी भीती वाटली का, ते सांग ना बाबा!"

पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हात वर केला. "तुम्हाला आता फार सावकाश वाचावं लागतं, असं कळलं. राग मानू नका, पण अशाने रहस्यकथेची मजा राहते का?"

"पूर्वी मी खुन्याच्या मागे पळायचे, सर. आता त्याच्या शेजारून चालते. मजा आहे, पण वेगळी. पळताना पाठ दिसते. चालताना तोंड दिसतं."

प्राध्यापकांनी हसून मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं.

"आता मी एक उतारा वाचणार," बाई म्हणाल्या. "वेळ लागेल. मी अडले तर कुणी शब्द सांगायचा नाही."

त्यांनी पुलाचं पुस्तक उघडलं, लाल पट्टी ठेवली. पूल पडल्यानंतर इंजिनिअर नदीच्या पलीकडे जायला नावेत बसतो, तो भाग. हा कोण, हे नावाड्याला माहीत नसतं आणि तो सहज बोलू लागतो. बाईंचा आवाज सावकाश, एकेका शब्दावर पाय रोवत पुढे निघाला. "पूल झाला... तेव्हा माझी नाव... बसली. आता पुन्हा... चाललीय. पण ती अशी... चालायला... नको होती." पुढच्या वाक्यात इंजिनिअर म्हणतो की त्याने वल्हं मागून घेतलं आणि पलीकडच्या काठापर्यंत नाव स्वतः वल्हवली, तेवढंच त्याचं... आणि बाई अडल्या.

बोट तळहातावर फिरलं. 'प्रा'. 'य'. मग एक जोडाक्षर, वर वेलांटी, पुढे आणखी एक जोडाक्षर. बोट परत मागे आलं, पुन्हा निघालं. पहिल्या रांगेत मिस्टर खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. शब्द त्यांना पाठ होता. त्यांनी दात ओठ आवळून धरले होते. मागे शिवणताई उभीच राहिली होती.

"प्रा... य..." बाईंचं बोट तळहातावर वळलं, उतरलं, पुन्हा वळलं. "श्चि..." आणि एकदम त्यांची मान वर झाली. "प्रायश्चित्त! तेवढंच माझं प्रायश्चित्त!"

टाळ्या अशा पडल्या की खालच्या मजल्यावरचा पहारेकरी वर बघायला आला. लाँड्रीच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. ग्रंथपालांनी शिट्ट्यांकडे काणाडोळा केला. बाई टाळ्या संपेपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. त्यांना खाली बसावंसंच वाटत नव्हतं.

टाळ्या ओसरल्या, तोच मिस्टर उभे राहिले. चारचौघांत दोन वाक्यं बोलायची वेळ आली की जे काहीतरी दुरुस्त करायचं काढून निसटायचे, ते मिस्टर. "मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "तो इंजिनिअर सगळा दोष स्वतःवर घेतो, ते मला पटत नाही. पूल बांधून झाला की तो सांभाळणाऱ्यांचा असतो. मी रोज लिफ्ट सांभाळतो, म्हणून सांगतो. त्याने उगाच मोठेपणा घेतलाय."

"मोठेपणा?" बाई माइकमधूनच कडाडल्या. "सांध्यावरून तुम्हीच त्याला गाढव म्हणाला होतात!"

"ते चौथं प्रकरण वाचायच्या आधी!"

"चौथ्यातच तर तो कबूल करतो!"

दालनात पुन्हा हशा पिकला. ग्रंथपालांनी कशीबशी सभा आवरली आणि पुढच्या महिन्यासाठी दोघांचीही नावं घेतली. थेरपिस्टने बाईंना मिठी मारली. शिवणताईने डोळे पुसले आणि वर म्हणाली की धूळ गेली.

दोघं जिना उतरून रस्त्यावर आले, तरी चौथं प्रकरण संपलं नव्हतं. मिस्टर हातवारे करून सांधा कसा सुटला असेल ते दाखवत होते, बाई त्यांच्या हातातलं पुस्तक ओढून पान शोधत होत्या. थांब्यावर उभं राहूनही तेच. बस आली, दार उघडलं, कुणी चढत नाही म्हणून बंद झालं आणि निघून गेली. दोघांपैकी कुणालाही ती दिसली नाही. बाईंनी पान शोधून काढलं होतं. लाल पट्टी ठेवून त्या दिव्याखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थांबा, वाचूनच दाखवते."